मुंबईतून प्रिंट ऑन डिमांडचं दुकान चालवताय? कुठले अर्ज, कुठले कागद आणि इन्शुरन्स नेमका कशाचा

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, नोकरी सांभाळून इन्स्टावर मराठी ओळींचे टी-शर्ट विकते. स्टॉक नाही, मशीन नाही, ऑर्डर आली की ती छापणाऱ्याकडे जाते, तो छापतो, पॅक करतो आणि हिच्या ब्रँडचं लेबल लावून परस्पर गिऱ्हाइकाला पाठवतो. मागच्या गणपतीत नागपूरच्या एका बाईंनी मंडळासाठी बारा टी-शर्ट मागवले, पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि सोबतचे कपडेही खराब झाले. ही म्हणाली, ताई छपाई माझी नाही, छापणाऱ्याशी बोला. बाईंनी सरळ ग्राहक आयोगात जायची भाषा केली. तेव्हा ही रात्री साडेदहाला माझं दार वाजवत आली, कारण मी सहा वर्षं चहाच्या मगांचं आणि कापडी पिशव्यांचं असंच दुकान चालवतेय आणि सगळे अर्ज स्वतः भरलेत. तिला त्या रात्री जे सांगितलं तेच इथे लिहितेय, जरा सविस्तर.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादक कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि त्यात दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचं नाव किंवा मार्क लावतो तोही उत्पादकच धरला आहे. म्हणजे छापलं तिरुपूरला असो की लोअर परळला, लेबल तुमचं तर कायद्यासाठी तुम्ही फक्त मधले विक्रेते राहत नाही. वर ग्राहक स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, त्यामुळे नागपूरच्या बाईंना मुंबईला यायची गरजच नव्हती, जावं लागलं असतं तर हिला.

म्हणून छापणाऱ्याशी लेखी करार पाहिजेच. व्हॉट्सअॅपवरचं "हो मॅडम होऊन जाईल" हा करार नाही. स्टॅम्प पेपरवर साधं मराठीत लिहिलं तरी चालतं, पण त्यात रंग सुटला, साइझ चुकली, चहाचा मग फुटका निघाला तर पैसे कोण परत देणार, किती दिवसांत, ग्राहकाने केस केली तर खर्च कोणाचा, आणि तुमच्या डिझाइनच्या फाइल्स तो दुसऱ्या कोणासाठी वापरणार नाही, एवढं तरी हवं. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. तिने खिशातून पूर्ण रक्कम परत केली, छापणाऱ्याने महिनाभर टोलवाटोलवी करून शेवटी निम्मे पैसे दिले.

आता कागदांकडे येऊ. सुरुवात उद्यमपासून, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीपासून करा कारण ते फुकट आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत होतं. सरकारी उद्यम पोर्टलवर आधार, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, पॅन, पत्ता, बँक खातं, धंद्याचा कोड, बस. कुठलाही कागद अपलोड करावा लागत नाही. सर्टिफिकेटसाठी पैसे मागणाऱ्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइट्स भरपूर आहेत, त्यात अडकू नका, खरी नोंदणी विनामूल्य आहे. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसता, म्हणजे आपल्यासारखे सगळेच.

दुसरा गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. नाव जुनंच चालू आहे, पण २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानंतर एकट्याने किंवा दोन-चार माणसं घेऊन चालवणाऱ्याला पूर्वीसारखं लायसन्स काढावं लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, ज्याला सगळे इंटिमेशन म्हणतात, आणि त्याची पावती तुमचा पुरावा. मुंबईत हे बीएमसीच्या पोर्टलवर होतं, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा लागतो, आणि बाहेर पाटी असेल तर ती मराठीत, देवनागरीत.

हे दोन हातात आले की प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा एकटा मालक म्हणून करंट अकाउंट उघडता येतं, बँका साधारण धंद्याच्या नावाचे दोन कागद मागतात. आणि प्रोफेशनल टॅक्स विसरू नका, बरेच जण विसरतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये, राज्याच्या जीएसटी खात्याच्या साइटवर एनरोलमेंट करून, दरवर्षी ३० जूनच्या आत. पगारी माणूस ठेवला तर त्याच्यासाठी वेगळं रजिस्ट्रेशन.

जीएसटीवर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा थांबून वाचा. सगळ्यांना ४० लाख हा आकडा माहीत असतो, की मालाची विक्री तेवढी होईपर्यंत नंबर नको. हे महाराष्ट्रात खरं आहे, पण तुम्ही फक्त महाराष्ट्रातच विकत असाल तरच. एक टी-शर्ट जरी इथून बेंगळुरूला विकला तर ती आंतरराज्य विक्री झाली आणि पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन लागतं, आणि हे स्वतःच्या वेबसाइटवरून विकलं काय की इन्स्टावर मेसेजवर ऑर्डर घेतली काय, सारखंच. ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइक कुठल्या गावचं हे आधी कसं कळणार, म्हणून मी सगळ्यांना सांगते की वेबसाइट सुरू करताना एकतर डिलिव्हरी महाराष्ट्रापुरती बंद करून ठेवा नाहीतर नंबर काढूनच सुरुवात करा. नंबर नसताना विकलं आणि पकडलं गेलं तर दंड १०,००० किंवा बुडवलेला टॅक्स, यातलं जे जास्त असेल ते.

मोठ्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सवलत आहे, एकाच राज्यात विकत असाल आणि मर्यादेच्या आत असाल तर पूर्ण रजिस्ट्रेशन नको, जीएसटी पोर्टलवर फक्त एनरोलमेंट नंबर घ्यायचा. रजिस्टर झालेल्यांच्या मार्केटप्लेसच्या पेमेंटमधून जीएसटीचे ०.५ टक्के आणि इन्कम टॅक्सचे ०.१ टक्का आधीच कापले जातात, ते रिटर्न भरताना आपल्या नावावर जमा दिसतात, ते क्लेम करायला विसरू नका.

जीएसटीच्या अर्जाला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँक खातं आणि जागेचा कागद. मुंबईत अडतं ते या शेवटच्याच गोष्टीवर. घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सची पावती किंवा लाइट बिल यातलं एक पुरतं. घर सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि त्यांच्या मालकीचा एक कागद. भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचा एक कागद, करार रजिस्टर केलेला असावा, तसंही महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं बंधनकारकच आहे. १७ एप्रिल २०२५ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना काढली की संमतीपत्र साध्या कागदावर चालेल आणि यादीबाहेरचे कागद उगाच मागू नयेत. माझ्या एका मैत्रिणीला राहता पत्ता आणि धंद्याचा पत्ता वेगळा का असा प्रश्न आला होता, तिने त्या सूचनेचा नंबर, ०३/२०२५, उत्तरात लिहिला आणि अर्ज पास झाला. शंका विचारणारी नोटीस आली तर उत्तराला ७ कामाचे दिवस असतात, ईमेल रोज बघा कारण वेळ गेली की अर्ज फेटाळला जातो. आधार पडताळणी झाली असेल तर साधारण ७ कामाच्या दिवसांत नंबर येतो, जागा बघायला माणूस येणार असेल तर ३० दिवसांपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांसाठी ३ कामाच्या दिवसांचा सोपा पर्यायही आहे. टी-शर्टवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आणि नंबर काढला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये चढत राहतात.

आता डिझाइन, यात लोक फार निष्काळजी असतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दुसऱ्या कलाकाराचं नुकसान होतं आणि नोटीस आली की आपलं दुकानही जातं. कवितेच्या ओळी छापताय? कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क चालू असतो. तुकोबांचा अभंग छापा, केशवसुत १९०५ मध्ये गेले त्यांचंही छापा, पण कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले म्हणजे २०५९ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागते, खाली कवीचं नाव घातलं म्हणून सुटका होत नाही. नटाचा फोटो, गाजलेली लकब यावरही बंधन आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज इतकंच काय त्यांचं "झकास"सुद्धा विनापरवानगी धंद्यासाठी वापरायला मनाई केली.

आणि मराठी दुकानांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. १९५० चा बोधचिन्हे व नावे कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव आणि चित्र आहे, धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये ते वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. अशोक स्तंभही त्यातच. बाजारात असे टी-शर्ट ढिगाने दिसतात हे खरं, पण तक्रार झाली तर "सगळेच विकतात" हे उत्तर चालत नाही. तिरंगा उशीच्या अभ्र्यावर, रुमालावर किंवा कमरेखालच्या कपड्यावर छापणं तर १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्यात गुन्हा आहे.

फ्रीलान्सरकडून चित्र काढून घेत असाल तर पैसे दिले म्हणजे दर वेळी हक्क आपोआप आपला होतोच असं समजू नका, हक्क लेखी लिहून घ्या. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मी पहिल्या वर्षी मुदत लिहिलीच नव्हती, नंतर त्या चित्रकाराशी पुन्हा कागद करावे लागले, तो सज्जन होता म्हणून झालं. फॉन्टचंही लायसन्स बघा, मुक्ता आणि बालू हे मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्ट खुल्या लायसन्सवर आहेत, ते धंद्यासाठी बिनधास्त वापरता येतात.

स्वतःच्या ब्रँडचा ट्रेडमार्क ऑनलाइन भरला तर एकट्या व्यक्तीला एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका गटाला, ४,५०० रुपये. कपडे २५, चहाचे मग २१, पोस्टर आणि वह्या १६, पिशव्या १८. ट्रेडमार्कचं मुख्य ऑफिस आपल्याकडेच अँटॉप हिलला आहे, पण जावं लागत नाही. तपासणीचा रिपोर्ट आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं. नोंदणी व्हायच्या आधी नावापुढे गोलातला आर लावू नका, त्याला दंड आहे, टीएम लावा.

स्वतःची वेबसाइट असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू. कायदेशीर नाव, पत्ता, फोन, तक्रार बघणाऱ्याचं नाव साइटवर दिसलं पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. "कस्टम ऑर्डर परत घेतली जात नाही" असं लिहिलं तरी खराब किंवा दाखवल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यावाच लागतो.

राहिला इन्शुरन्स. माझं घर तळमजल्याला होतं तेव्हा एका जुलैत रात्री पाणी शिरलं, कोऱ्या मगांचे खोके आणि हीट प्रेस भिजला. घराची पॉलिसी होती, क्लेम केला, उत्तर आलं की हा धंद्याचा माल आहे, घरच्या वस्तूंमध्ये येत नाही. रागाने पॉलिसी पुन्हा वाचली तर तसं लिहिलेलंच होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलेला पाऊस पाहिलेल्या माणसाने तरी हे आधी वाचायला हवं होतं, हे मला अजून लागतं.

धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, एका जागी एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल त्यात येतं. विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा थोडी कमी लावली गेली तरी १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ते धरत नाहीत. साधी घरफोडी त्यात येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. पॅन, आधार, उद्यम, जागेचा पुरावा, मशीनची बिलं आणि मालाची यादी लागते, आणि तुमचा माल छापणाऱ्याच्या गोडाउनला पडून असेल तर तो पत्ता पॉलिसीत लिहून घ्या. नुकसान झालं की लगेच कळवा, फोटो काढा आणि सर्व्हेयर बघून जाईपर्यंत भिजलेला माल फेकू नका.

नागपूरच्या बाईंसारख्या प्रकरणासाठी ही पॉलिसी उपयोगाची नाही, तिथे प्रॉडक्ट लायबिलिटी कव्हर लागतं. त्यातही नीट वाचा, वस्तूमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर ते येतं, म्हणजे रंग लागून खराब झालेले बाईंचे कपडे येऊ शकतात, पण खराब टी-शर्टचे पैसे परत करणं बहुतेक येत नाही. डिझाइन चोरल्याचा दावा तर सहसा बाहेरच ठेवलेला असतो. मुलं वापरतील असं काही विकत असाल तर हे कव्हर घ्याच. पार्सल हरवलं तर कुरिअरची जबाबदारी छोट्या रकमेपुरती असते, महागाच्या ऑर्डरला ट्रान्झिट कव्हर वेगळं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, प्रोप्रायटर आणि सूक्ष्म उद्योगांनाही, ५० लाखांपर्यंत, एक वर्षाच्या आत. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीची प्रत, क्लेम नाकारल्याचं पत्र, तुम्ही केलेली तक्रार आणि फोटो एवढं घेऊन अर्ज भरायचा.