मोटारीच्या पुढच्या काचेवरील चरे: पॉलिशची पार्श्वभूमी

काचेवरील चरे घासून काढण्याची आजची पद्धत गॅरेजात जन्मलेली नाही. ती भिंगे घडवणाऱ्या कारागिरांकडून आली. भिंगांना अखेरची झिलई देण्यासाठी पूर्वी लोहाच्या ऑक्साइडची तांबडी पूड वापरत. तिचे काम संथ चाले आणि हात-कपडे रंगत ते वेगळेच. १९४० च्या दशकात तिची जागा सिरियम ऑक्साइड घेऊ लागले. ही पूड काच नुसती खरवडत नाही, तर पाण्यामुळे पृष्ठभागावर तयार होणाऱ्या सिलिकाच्या मऊ, अतिपातळ थराशी रासायनिक क्रिया करून तो थर उचलते. म्हणूनच ही पूड घासण्याचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) पॅड कोरडे पडले की काम थांबते, काच मात्र तापते आणि तडकण्याची भीती निर्माण होते.

दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या काचेचे पेटंट १९०९ चे. मोटारीची पुढची काच अशीच असते; सध्या तिच्यातील काचेचा प्रत्येक थर साधारण २ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे घासायला वाव मुळातच थोडा. वायपरखाली सापडणाऱ्या वाळूतील क्वार्ट्झचा कठिणपणा मोह्स मापनावर (खनिजांच्या कठिणपणाची १ ते १० श्रेणी) ७, तर काचेचा सुमारे ५.५; कोरड्या काचेवर वायपर चालवला की कमानीसारखे चरे का उमटतात, ते यावरून कळते.

चरा घासून काढावा की काचच बदलावी, हा खरा वाद आहे तो चालकाच्या थेट नजरेसमोरच्या भागाचा. नखाला अडकणारा चरा नाहीसा करायचा, तर भोवतालची काचही तितकीच खाली आणावी लागते, आणि तिथे उथळ खळगा राहिला की तो भिंगाचे काम करू लागतो: चरा जातो, पण चालकाच्या जागेवरून पाहताना रस्त्यावरचा पांढरा पट्टा त्या ठिकाणी हलकेच वाकतो. घासण्याचा भाग रुंद ठेवला तर हा दोष नगण्य राहतो, असे पॉलिश करणारे म्हणतात. काच बसवणारे ती बदलण्याचाच आग्रह धरतात. त्यात त्यांचा धंदा आहे हे उघड असले, तरी खोल चऱ्यांपुरते त्यांचेच म्हणणे अधिक पटते. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत स्टिअरिंगसमोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान चालत नाही. पण हे माप चऱ्याला लावता येते, घासून आलेल्या वक्रतेला लावणे अवघड.

१९७० च्या दशकात काचेची दुरुस्ती करण्यासाठी आलेल्या रेझिनने (भरल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) गोंधळात भरच घातली. दगडाच्या टवक्यातील पोकळीत रेझिन शिरून टिकते. उघड्या, उथळ चऱ्यात ते वायपरपुढे तग धरत नाही.

पुढे २०१०-११ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंची निर्यात आवळली आणि त्यांपैकीच एक असलेल्या सिरियमची किंमत भडकली. अलीकडे चालकाच्या मदतीसाठी काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे, काच बदलली की कॅमेऱ्याची जुळणीही नव्याने करावी लागते. त्या खर्चापायी पॉलिशकडे पुन्हा ओढा वाढला असला, तरी कॅमेऱ्यासमोरचा भाग जाणकार घासत नाहीत.