रक्तगट जुळला, क्रॉसमॅच अडला

"रगत जुळनं, मंग आते काय अडनं?" डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसलेल्या खान्देशी नवऱ्याचा हा प्रश्न रास्तच आहे. त्याचा गट ओ, बायकोचाही ओ, किडनी द्यायला तो तयार. तरी क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्तद्रव दात्याच्या पेशींशी भिडवून पाहायची चाचणी, पॉझिटिव्ह आला, आणि जळगावहून मुंबईला मारलेली खेप फुकट गेली. 'पॉझिटिव्ह' हा शब्दही फसवाच. इथे त्याचा अर्थ नकार.

रक्तगट ही सोपी गोष्ट. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये ती उलगडली. ए गटाच्या माणसात बी-विरोधी अँटिबॉडी, म्हणजे परक्यावर हल्ला करणारी प्रथिनं, लहानपणापासून असतातच. (प्लस-मायनस किडनीसाठी बघत नाहीत, त्याची धास्ती नको.)

क्रॉसमॅच शोधतो ते वेगळंच: देणाऱ्याच्या पेशींवरच्या एचएलए या ओळखखुणेविरुद्धच्या अँटिबॉडी. त्या जन्मजात नसतात, भाऊबंदकीतल्या वैरासारख्या आयुष्यात कमावलेल्या असतात. वाटा तीन: रक्त चढवणं, आधीचं प्रत्यारोपण आणि गरोदरपण. पोटातल्या बाळात निम्मं एचएलए बापाचं असतं. आईचं शरीर कधी कधी त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी करून ठेवतं, आणि वीस वर्षांनी त्याच नवऱ्याची किडनी तिला परकी ठरू शकते. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना वरचेवर रक्त द्यावं लागतं. त्यांच्यातल्या कुणाची किडनी गेली तर तिथेही हाच गुंता.

हा नकार रेटून पुढे जाता येत नाही. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी आकडे मांडले: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या, निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी ८.

रक्तगट न जुळो की क्रॉसमॅच अडो, उपचार दोन्हीकडे वरवर सारखे दिसतात, म्हणून घोळ वाढतो. प्लाझ्माफेरेसिसमध्ये रक्तातला पिवळा द्रव वेगळा काढून अँटिबॉडी कमी करतात. यंत्र डायलिसिससारखं दिसलं तरी काम निराळं. जोडीला रिटुक्सिमॅब, आयव्हीआयजी ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. गट न जुळणाऱ्या किडनीत सुरुवातीचे आठवडे निभावले की अँटिबॉडी परतल्या तरी बहुतेकदा किडनी त्यांना सोसते. एचएलएचं तसं नाही. अँटिबॉडी धुऊन काढल्या तरी त्या बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत बसून असतात, पातळी पुन्हा चढते आणि किडनीवर हल्ला होतो. युरोपने २०२० मध्ये सशर्त मान्यता दिलेलं इम्लिफिडेज हे औषध काही तासांत अँटिबॉडीचे तुकडे करतं, पण नव्या अँटिबॉडी थोड्याच दिवसांत परत येऊ लागतात.

म्हणून माझं मत असं की क्रॉसमॅच अडला तर अँटिबॉडी उतरवण्याच्या महागड्या वाटेआधी अदलाबदलीचं, म्हणजे स्वॅपचं विचारा. तुमचा दाता त्यांच्या रुग्णाला, त्यांचा तुमच्या. २०११ च्या कायदादुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांना ही मुभा दिली आहे. अँटिबॉडी बहुतेक दात्यांच्या एचएलएविरुद्ध असतील तर तिथेही जोडी सापडणं कठीण, मग दोन्ही उपाय एकत्र करावे लागतात.

आणि हिमोग्लोबिन उतरलं की लगेच रक्ताची बाटली लावण्याआधी रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनावर आणि लोहावर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. फाइलीत बाळंतपणं, गर्भपात आणि चढवलेल्या बाटल्या सालासकट लिहून घ्या. गर्भपाताचं सासूसमोर बोलायला बाई कचरते. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.