मीटर शून्यावर आला तरी हिशोब चुकत नाही

रविवारी संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर फोन उचलून कुणी "हां, बोल" म्हटलं, की त्या गजबजाटातून फोनचा डिजिटल माइक आवाज टिपू लागतो. किती वेळा टिपतो? सर्रास वापरला जाणारा एक वेग आहे सेकंदाला ३०,७२,००० नोंदींचा. प्रत्येक नोंद मात्र एकाच बिटाची, शून्य किंवा एक. हवेचा दाब वाढला की एकांची दाटी होते, कमी झाला की शून्यांची. पुढच्या यंत्रणेला हवे असतात सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी सोळा किंवा चोवीस बिटांचे. म्हणजे चौसष्ट नोंदींमागे एक नमुना. ही छाटणी करणाऱ्या मंडळाला, म्हणजे सर्किटला, डेसिमेशन फिल्टर म्हणतात.

मग चौसष्टावी नोंद ठेवून मधल्या त्रेसष्ट फेकून द्याव्यात, संपलं! पण तसं केलं तर आवाजाचा चिवडा होतो. समजा ४७,००० हर्ट्झचा एक सूर आत शिरलाय. कानाला तो ऐकूच येत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर दर नमुन्यामागे त्याची लाट एका पूर्ण फेरीला थोडी कमी भरते, बरोबर एक अठ्ठेचाळिसांश फेरी. अठ्ठेचाळीस नमुन्यांत ही तूट एका फेरीची होते, आणि हाती येतो १,००० हर्ट्झचा सूर. तो अगदी स्पष्ट ऐकू येतो, आणि एकदा उतरला की खऱ्या १,००० हर्ट्झपासून वेगळा काढायची कुठलीच युक्ती उरत नाही. त्यात एका बिटाच्या नोंदीमुळे होणारा खरखराट हे माइक मुद्दामच वरच्या वारंवारतांमध्ये ढकलून देतात. म्हणजे वर कचऱ्याचा ढीगच असतो. नोंदी फेकण्याआधी तो साफ करावाच लागतो.

साफ करायचा सोपा मार्ग म्हणजे ओळीने सोळा नोंदींची बेरीज. वेग सोळापट उतरून १,९२,००० होतो. या बेरजेत १,९२,००० हर्ट्झ आणि तिच्या पटीतल्या वारंवारता पार पुसल्या जातात, आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरणारा कचरा नेमका त्यांच्याच आजूबाजूला असतो. २०,००० हर्ट्झवर येऊन पडू शकणारा १,७२,००० हर्ट्झचा सूर एका बेरजेने साधारण नवव्या भागावर येतो. तीच क्रिया चारदा केली, तर सुमारे ५,७०० व्या भागावर.

पण दर वेळी सोळा नोंदी लक्षात ठेवायच्या, तेही चार मजल्यांवर (एकामागोमाग एक केलेल्या चार बेरजांवर), म्हणजे जागा आली, वीज आली. १९८१ मध्ये अभियंते युजीन होगेनॉवर यांनी आपल्या शोधनिबंधात यावर जी रचना मांडली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. सोळांची बेरीज म्हणजे आत्तापर्यंतची एकूण बेरीज वजा सोळा नोंदींपूर्वीची एकूण बेरीज. मग एकूण बेरीज नुसती चालू ठेवायची, त्याला एक रजिस्टर, म्हणजे चिपवरची एक आकडा साठवायची जागा, पुरतं. आधी बेरजेचे चारही मजले लागोपाठ, मग सोळातली एक नोंद उचलायची, आणि त्यानंतर वजाबाकीचे चार मजले, मंद वेगाने, प्रत्येकी मागचा एकच आकडा लक्षात ठेवून. गुणाकार कुठेही नाही. चिपवर गुणाकाराचं मंडळ बेरजेच्या मंडळापेक्षा कितीतरी जास्त जागा खातं. हाक ऐकायला दिवसभर कान टवकारून बसलेल्या माइकला ती चैन परवडत नाही.

इथे कुणाच्याही मनात शंका यावी: एकूण बेरीज वाढतच जाणार, मग रजिस्टर भरणार नाही का? भरतं की! आपल्या हिशोबात रजिस्टर १७ बिटांचं लागतं, ते ० ते १,३१,०७१ मोजतं. अगदी शांततेतही निम्म्या नोंदी 'एक' असतात, त्यामुळे पहिल्या मजल्याचं रजिस्टर सेकंदाला अकरा-बारा वेळा भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पुढचे मजले तर विचारूच नका.

आणि उत्तर तरीही बरोबर येतं. घरचा जुना, पाच आकडी विजेचा मीटर आठवा. एप्रिलअखेर रीडिंग ९९,८८०. मे महिन्यात नागपुरात दिवसरात्र कूलर चालले, मीटर फिरून पुढे गेला आणि रीडिंग आलं ००,३१०. युनिट किती? ४३०. कुणी उणे ९९,५७० युनिटांचं बिल लावत नाही. अट एवढीच की एका महिन्यात लाखभर युनिट जळता कामा नयेत. फिल्टरमध्येही तेच. शेवटचं उत्तर जास्तीत जास्त सोळाचा चौथा घात, म्हणजे ६५,५३६ असू शकतं. ते १७ बिटांत मावतं, म्हणून मधल्या रजिस्टरांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी फिकीर नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट बनवता येणाऱ्या चिपवर, हे करताना एक भलेपणा टाळावा. रजिस्टर भरलं की त्याला वरच्या आकड्यावर थोपवून धरण्याची सोय इतर फिल्टरांत शहाणपणाची असते. इथे ती घातली की सगळं मुसळ केरात! मीटर ९९,९९९ वर अडकून बसला तर बिल कसं काढणार?

या रचनेत खोट नाही असं नाही. चार मजल्यांनंतर २०,००० हर्ट्झचा सूर सुमारे ७ टक्के दबलेला असतो. थेट चौसष्टपट उतरलो असतो, तर तो एक तृतीयांशही उरला नसता. म्हणून सोळापटीवर थांबतात आणि उरलेली चौपट दोन 'हाफ-बँड' फिल्टरांनी, दुप्पट-दुप्पट करून उतरवतात. त्यांच्यात गुणाकार असतात, पण जवळजवळ एकाआड एक गुणक शून्य, म्हणून निम्मं काम वाचतं. दबलेले ७ टक्के भरून काढायला आणखी एक छोटा फिल्टर. तोवर वेग उतरलेला असल्यामुळे गुणाकार परवडतात.

रेडिओत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. नागपूरच्या १,००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून आकाशवाणीचं नॅशनल चॅनल १,५६६ किलोहर्ट्झवर ऐकू यायचं. तसं स्टेशन डिजिटल रिसीव्हरने पकडायचं, तर अँटेनावरचा सिग्नल समजा सेकंदाला ६,१४,४०,००० वेळा मोजायचा, १,५६६ किलोहर्ट्झ शून्यावर सरकवायचे आणि होगेनॉवर यांच्या फिल्टरने एकदम १,२८० पट उतरायचं. चौदा बिटांची नोंद आत गेली, तर चार मजल्यांना रजिस्टर लागतं ५६ बिटांचं. बाहेर कामाचे असतात त्यातले वरचे वीसेक बिट. म्हणून त्याच शोधनिबंधात होगेनॉवर यांनी दर मजल्यावर खालचे किती बिट बिनधास्त कापता येतील, याचंही गणित करून ठेवलंय. वरचा मात्र एकही बिट कापायचा नाही.