सीसी तेच, काप वेगळा: घरगुती आणि व्यावसायिक चेनसॉ

पावसाळा जवळ आला की इंदूरमध्ये चेनसॉची चौकशी सुरू होते. टिळकनगर-सुदामानगरच्या जुन्या घरांवर कडुनिंब आणि गुलमोहर ओणवलेले असतात, खंडवा रोडच्या फार्महाउसांत निलगिरी माजलेली असते, सांवेर-देपालपूरकडे बांधावरच्या बाभळी उतरवायच्या असतात. आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: हेही पन्नास सीसीचं, तेही पन्नास सीसीचं, मग एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी वर का? त्यावर मिळणारी उत्तरंही दरवर्षी तीच असतात. महागात नुसते नावाचे पैसे आहेत. स्वस्तातलं इंजिन प्लास्टिकचं असतं. लांब पट्टी बसवली की झालं प्रोफेशनल. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर लोक चुकीचं मशीन घरी आणतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

घरगुती मशीन ज्यांनी हाताळलं आहे त्यांना त्याची रचना नव्याने सांगायला नको. टू-स्ट्रोक इंजिन, क्लच, चेन फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, पट्टी आणि तिच्यावरून धावणारी चेन. व्यावसायिक मशीनमध्येही हेच सगळं असतं, ह्याच क्रमाने. नवा भाग शोधत बसलात तर सापडणार नाही.

आता एकाच कंपनीची दोन मशीनं शेजारी ठेवू. स्टिल कंपनीचं एमएस २७१ हे घर-शेतीच्या वर्गातलं. क्षमता ५०.२ सीसी, ताकद २.६ किलोवॅट, पट्टी-चेन सोडून वजन ५.६ किलो. त्याच कंपनीचं एमएस २६१ सी-एम व्यावसायिक वर्गातलं. क्षमता तीच ५०.२ सीसी, पण ताकद ३.० किलोवॅट आणि वजन ४.९ किलो. सिलिंडरची क्षमता दशांशापर्यंत सारखी असताना ताकद सुमारे पंधरा टक्के जास्त आणि वजन पाऊण किलोच्या आसपास कमी. हस्कवर्ना ह्या दुसऱ्या कंपनीकडेही हीच गोष्ट दिसते. ४५० हे ५०.२ सीसीचं मशीन २.४ किलोवॅट देतं, तर ५५० एक्सपी हे ५०.१ सीसीचं मशीन २.८ किलोवॅट. म्हणून मशीन निवडताना सीसीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. पेट्रोल-हवेचं मिश्रण मावायला जागा किती, एवढंच सीसी सांगतं. त्या जागेतून मिनिटाला किती वेळा आणि किती सफाईने काम काढून घेतलं जातं, हे सीसीवरून कळत नाही.

खरी गफलत मात्र इथेही नाही. वरचे आकडे वाचून लोक म्हणतात, "पंधरा टक्क्यांसाठी एवढे पैसे?" हिशेब म्हणून हा प्रश्न बरोबर आहे, पण तो कागदावरच्या कमाल ताकदीचा हिशेब आहे. काप कमाल ताकदीवर चालत नाही. चेन लाकडात शिरल्यावर इंजिनाचे फेरे किती टिकतात, त्यावर चालतो.

दुकानात काय होतं ते बघा. सियागंजात काउंटरवर मशीन ठेवतात, दोरी ओढतात, गच्च रेस देतात आणि म्हणतात, "भिया, आवाज सुनो." मोकळ्या हवेत घरगुती मशीनही मिनिटाला १३,००० च्या आसपास फेरे घेतं आणि व्यावसायिकही. चेनला अडवणारं काहीच नसल्यामुळे आवाजात फरक कळणं शक्यच नाही. त्यात नव्या, अजून न मुरलेल्या इंजिनाला विनाभार गच्च रेस देणं म्हणजे पिस्टन आणि रिंगवर विनाकारण अत्याचार. ही चाचणी मला मनापासून नकोशी वाटते, कारण ती काहीच सिद्ध करत नाही आणि मशीनचं मात्र नुकसान करते.

लाकडात चित्र बदलतं. ताकद म्हणजे फिरवण्याचा जोर गुणिले फेरे. चेन ओंडक्यात उतरली की प्रत्येक दात भुसा काढताना इंजिनाला मागे ओढतो, आणि इंजिनाचा जोर त्या ओढीइतका होईल तिथे फेरे स्थिरावतात. घरगुती इंजिन जिथे स्थिरावतं तिथे त्याची ताकद बऱ्याचदा आधीच उतरणीला लागलेली असते. तुम्ही आणखी दाबलं की फेरे आणखी पडतात, फेरे पडले की ताकदही पडते, आणि मशीन गुदमरतं. क्लच घसरून तापतो, धूर येतो, आणि मालक म्हणतो चेन खराब आहे. व्यावसायिक इंजिनात सिलिंडरमधल्या हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या वाटा, त्यांच्या उघडझापीची वेळ, पेट्रोल-हवेचं मिश्रण बनवणारा कार्बोरेटर, सायलेन्सर हे सगळं ९,५०० ते १०,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात काम करण्यासाठी जुळवलेलं असतं. तिथे जोर टिकतो, म्हणून भार आल्यावर फेरे पडले तरी थोडेच पडतात. भरलेली गाडी भेरूघाट चढताना जी गाडी गियर न बदलता वेग धरून ठेवते, तिचं इंजिन आणि सपाट रस्त्यावर तितक्याच वेगाने पळणाऱ्या दुसऱ्या गाडीचं इंजिन, ह्यांतला फरक घाटातच कळतो.

आकड्यांत सांगतो. पॉइंट ३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन आणि सात दातांचा स्प्रॉकेट असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्यात चेन साधारण साडेअकरा सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे ९,५०० फेऱ्यांना चेनचा वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर होतो. लाकडात फेरे ७,००० वर आले तर तोच वेग साडेतेरा मीटरवर येतो. सेकंदाला जवळजवळ पाच मीटर चेन कमी धावली. प्रत्येक दात तितकाच जाड भुसा काढतो असं धरलं तरी काप एक चतुर्थांशाहून अधिक मंदावला. आणि मंदावलेला काप माणसाला दाबायला लावतो.

पट्टीची लांबीही इथेच येते, आणि माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावर आहे. ह्या चेनवर साधारण दर ३.३ सेंटिमीटरला एक कापणारा दात असतो. १६ सेंटिमीटर जाडीच्या फांदीत एका वेळी पाच दात काम करतात. ३३ सेंटिमीटरच्या ओंडक्यात दहा. इंजिन तेच, दात दुप्पट, म्हणजे ओढ दुप्पट. आता बाजारात छोट्या इंजिनावर २२ इंची पट्टी लावून 'प्रोफेशनल' म्हणून विकलेली मशीनं आठवा. ती पट्टी मशीनची ताकद वाढवत नाही, मशीनवरचा भार वाढवते. २२ इंच बुडतील असा ओंडका त्यात घातला तर ते मशीन अडखळणारच. म्हणून सांगतो, छोट्या घरगुती मशीनवर १४ इंची पट्टी आणि त्याच्यासोबत येणारी अरुंद चेनच राहू द्या. अरुंद चेन कमी रुंदीची खाच पाडते, म्हणून तिला कमी ताकद लागते. कंपनीने ती विचार करून दिलेली आहे. तिच्या जागी जाड चेन बसवून देणारे मिस्त्री ग्राहकाचं भलं करत नाहीत.

उरलेले फरक लवकर आटपतो. 'प्लास्टिकचं इंजिन' ही चुकीची समजूत आहे. पिस्टन आणि सिलिंडर दोन्हीकडे धातूचेच असतात. फरक बाहेरच्या सांगाड्यात आहे. व्यावसायिक मशीनमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, मॅग्नेशियमच्या दोन भागांत घट्ट बसलेली असते, घरगुतीत इंजिन पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या, घरात बोल्टने धरलेलं असतं. रोज तास न् तास चालवणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षांत जाणवतो. वर्षातून चार फांद्या कापणाऱ्याला जाणवत नाही. चेन ऑइलचा पंप व्यावसायिकात कमीजास्त करता येतो, घरगुतीत बहुधा ठरलेलाच असतो. व्यावसायिकात धक्के स्प्रिंगवर झेललेले असतात, त्यामुळे संध्याकाळी बोटं कमी बधिर होतात. फिल्टर मोठा आणि बारीक भुसाही अडवणारा असतो. सगळं उपयोगी आहे, पण ह्यातली एकही गोष्ट मशीन निवडण्याचं मुख्य कारण नाही.

इंदूरकरांसाठी एक गोष्ट मात्र महत्त्वाची. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथली हवा थोडी विरळ आहे, म्हणून कुठल्याही पेट्रोल इंजिनाची ताकद कागदावरच्यापेक्षा काही टक्के कमीच मिळते, आणि मिश्रणही त्या मानाने जुळवावं लागतं. एमएस २६१ च्या नावातलं एम हे कार्बोरेटर आपोआप जुळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं. साध्या कार्बोरेटरचं मशीन असेल तर ते जाणत्या माणसाकडून एकदा जुळवून घ्या. रेस वाढवायची म्हणून स्क्रू आवळून मिश्रण पातळ करणारे, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी करणारे, मिस्त्री पिस्टन जाम करून ठेवतात. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घाला. चांगल्या ऑइलला बहुधा एक लिटरला २० मिलिलिटर पुरतं. आणि घरगुती मशीन आठ-आठ महिने कपाटात पडून राहतं, म्हणून ठेवण्याआधी टाकी रिकामी करा आणि उरलेलं जळेपर्यंत इंजिन चालवा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि कार्बोरेटरच्या पडद्यांना तो सोसत नाही.

इतका सगळा फरक असूनही एक गोष्ट त्याच्यावर मात करते: धार. बोथट चेन लावलेलं ३ किलोवॅटचं मशीन धारदार चेनच्या छोट्या मशीनपुढे लाकडात मागे पडतं. भुशाकडे बघा. चपटे, जाडसर तुकडे पडत असतील तर धार आहे. पीठ पडत असेल तर थांबा. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी: स्टिलच्या अरुंद चेनला ४ मिलिमीटर, पॉइंट ३२५ ला ४.८, थ्री-एट म्हणजे ३/८ इंच पिचच्या चेनला ५.२. सगळ्यांना एकच कानस वापरणाऱ्यांकडून चेन घासून घेऊ नका. दाताच्या पुढची जी बुटकी गाठ भुशाची जाडी ठरवते, ती दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावी. ती फार खाली घासली की प्रत्येक दात मोठा घास घेतो, आणि घरगुती इंजिन लगेच गुदमरतं. व्यावसायिक इंजिन हा हावरेपणा काही प्रमाणात सहन करतं, म्हणून तिथे चूक उशिरा दिसते.

मग कोणी काय घ्यावं? घराभोवतीच्या फांद्या, वादळात पडलेलं झाड, हिवाळ्यात शेकोटीची लाकडं एवढंच काम असेल तर घरगुती मशीन घ्या, १४ किंवा १६ इंची पट्टीचं, आणि वाचलेल्या पैशात हेल्मेट, जाळी, कानांची आवरणं आणि कापाला अडवणारी पँट घ्या. चपला घालून चेनसॉ चालवणारे बघितले की मला खरोखर भीती वाटते. पट्टीचं टोक लाकडाला लागून मशीन उलटं उसळतं तेव्हा घरगुती आणि व्यावसायिक असा भेद ते करत नाही. ठेक्यावर झाडं उतरवत असाल, आठवड्यातले बरेच दिवस बाभूळ आणि चिंच कापत असाल, तर व्यावसायिकच घ्या. वेळ आणि मनगट दोन्ही वाचतात. शहराच्या हद्दीतलं झाड असेल तर मशीन कुठलंही असो, आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा कायदा आहे.

आणि मशीन घेण्याआधी दुकानदाराला हवेत रेस द्यायला सांगू नका, ओंडका मागा. ओल्या गुलमोहराचा नको, त्यात दोन्ही मशीनं सारखीच भासतात. वाळलेल्या बाभळीचा, पट्टीच्या पाऊण लांबीइतका रुंद. चेन धारदार आहे ना ते पाहा, मशीन स्वतःच्या वजनावर उतरू द्या, हाताने दाबू नका, आणि काप अर्ध्यावर आल्यावर आवाज किती खाली बसतो तो ऐका.