उलटा चालणारा एसी

गरम हवामानातल्या घरांना थंडी जरा जास्तच बोचते आणि त्यात नवल काही नाही, ती घरं बांधलेलीच असतात उष्णता बाहेर घालवायला, इन्सुलेशन नाही, खिडक्यांना फटी, खाली गार फरशी. कधीकधी तर थर्मामीटर १८ अंश दाखवतो आणि आपण मात्र कुडकुडत असतो. कारण नुसती हवा गार नसते, भिंतीपण गारठलेल्या असतात आणि आपलं अंग सतत त्यांच्याकडे उष्णता फेकत असतं.

मग हीटर येतो. तेलवाला घ्या नाहीतर फॅनवाला, १ युनिट विजेची उष्णता १ युनिटच होणार, जाहिरात काही का म्हणेना. लाल कॉइलवाला निदान थेट अंगाला शेकतो, हवा तापायची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे फटीफटीच्या खोलीत तासभर बसायचं तर मला तोच बरा वाटतो. (बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही.)

पण खरी गंमत हॉट-अँड-कोल्ड एसीची. त्यात एक झडप असते, ती फिरली की गॅसचा प्रवाह उलटा होतो, म्हणजे उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकणारं मशीन आता बाहेरची आत आणायला लागतं. बाहेर तर थंडी, मग उष्णता कुठली? तर एसीत फिरणारा आर-३२ गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशाच्या आसपासच उकळतो, त्याच्या हिशोबाने १० अंशाची हवा म्हणजे चांगलीच ऊबदार! बाहेरच्या युनिटमध्ये दाब कमी केला की तो त्या हवेतली उष्णता घेऊन उकळतो, कॉम्प्रेसरने दाबला की भरपूर तापतो आणि आत येऊन ती उष्णता सोडतो. वीज लागते ती मुख्यतः वाहतुकीला, म्हणून १ युनिटमागे ३-४ युनिट उष्णता घरात येते. केल्विन या शास्त्रज्ञाने ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती.

आतबाहेरच्या तापमानात फरक जितका कमी तितकं हे काम सोपं, त्यामुळे बर्फाळ भागापेक्षा सौम्य थंडीतच हे मशीन जास्त परवडतं, बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचून ते वितळवत बसायची वेळपण क्वचितच येते. फक्त एसी वर टांगलेला आणि गरम हवा वरच रेंगाळणार, तेव्हा पाय गार राहत असतील तर एसीच्या तोंडाच्या पट्ट्या खाली वळवा आणि फॅन वाढवा.