गिटारचा स्पीकर आणि पॉवर्ड स्पीकर: दोन्ही बारा इंची, साम्य तिथेच संपतं

प्रीअ‍ॅम्प (गिटारचा टोन घडवणारं पेडल) घेतला, पॉवर्ड स्पीकरला (आतच अ‍ॅम्प असलेला, साउंडवाले लावतात तो) जोडला, आणि ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारा स्विच, दाबताच नुसती भणभण. यावर सल्ले ठरलेले: ट्रेबल कमी कर, केबल बदल, पिकअप बदल. तिन्ही फुकट.

अ‍ॅम्प वाजवणाऱ्याला गेन, बेस, मिड, ट्रेबल समजावायला नको. प्रीअ‍ॅम्पवर तेच नॉब असतात, तसेच चालतात. घोळ पुढे आहे.

गिटार अ‍ॅम्पमधला स्पीकर आवाज जसाच्या तसा ऐकवायला बनवलेलाच नसतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० घ्या: कंपनीनेच रेंज ७० ते ५००० हर्ट्‌झ दिली आहे, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) नाही. ड्राइव्हमधून निघणारे वरचे बोचरे हार्मोनिक्स (मूळ सुरावरचे उपसूर) या गाळणीत अडकतात. ज्याला आपण ‘अ‍ॅम्पचा टोन’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा तिचाच. पॉवर्ड स्पीकरवर गायक, कीबोर्ड, झांज सगळंच वाजायचं असतं. म्हणून त्यात खालच्या सुरांच्या वूफरसोबत वरच्या सुरांचा हॉर्न असतो आणि तो १८-२० हजार हर्ट्‌झपर्यंत इमानेइतबारे वाजवतो, बोचरेपणासकट. साउंडवाल्याला बोल लावू नका. गाळणी आता तुम्ही आणायची.

ती म्हणजे कॅब सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या खोक्याची इलेक्ट्रॉनिक नक्कल), नाहीतर आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या खोक्याच्या आवाजाचा मोजून घेतलेला ठसा). प्रीअ‍ॅम्पवर तसा स्विच असेल तर चालू करा. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये ते फक्त एक्सएलआर आउटपुटला लागतं, जॅकला नाही, तेव्हा मॅन्युअल उघडा. सोय नसेल तर प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये आयआर लोडर पेडल जोडा. तरीही टोचलं तर हाय कट (त्यावरचं कापणारा) ५-६ हजारांवर आणि लो कट (त्याखालचं कापणारा) ८०-१०० हर्ट्‌झवर. ट्रेबल शून्यावर नेणं हा उपाय नव्हे: तो नॉब बराच खालपासून कापत येतो, सोलो बँडमध्ये गाडला जातो आणि भणभण थोडी उरतेच.

उलट, तोच प्रीअ‍ॅम्प गिटार अ‍ॅम्पच्या रिटर्नमध्ये (थेट पॉवर अ‍ॅम्पला जाणारं सॉकेट) घातलात तर सिम्युलेशन बंद करा. दोनदा गाळलेला आवाज मातकट होतो. अकूस्टिक गिटारच्या पिएझो (ब्रिजखालचा पिकअप) प्रीअ‍ॅम्पला तर हे काहीच नको, तिला पूर्ण रेंज हवीच असते. म्हणून अकूस्टिकवाल्या मित्राचं ‘सरळ लाव, मस्त वाजतं’ इलेक्ट्रिकला लागू नाही.

लेव्हलचं थोडक्यात. स्पीकरचं इनपुट लाइनवर (जोरकस सिग्नलसाठी), माइकवर (अशक्त सिग्नलसाठी) नाही. माइकवर राहिलं तर इनपुट क्लिप होतं, म्हणजे सिग्नल न मावून फाटतो, आणि ती खरखर लोक ड्राइव्ह समजून बसतात. स्पीकरचा नॉब खाली, प्रीअ‍ॅम्पचा मास्टर अर्ध्यावर. आता सगळ्यात जोरकस कॉर्ड मारत स्पीकरचा नॉब चढवा. इनपुट क्लिपचा दिवा लागला तर मास्टर उतरवा. गेनला हात लावू नका, तो टोन ठरवतो. स्पीकरच्या पाठीवरचा ‘डीजे’ किंवा ‘बेस बूस्ट’ मोड बंद. तो चालू ठेवून टोन शोधणाऱ्यांपुढे हात टेकले.

टोन घरी हळू आवाजात लावला तर स्टेजवर खर्ज आणि ट्रेबल दोन्ही अंगावर येतात, कारण हळू आवाजात कान ही दोन टोकं कमी ऐकतो. ज्या व्हॉल्यूमला वाजवणार, त्याच व्हॉल्यूमला लावा, तेही हॉर्न कानाच्या रेषेत ठेवून. स्पीकर पायाशी सरळ उभा असेल तर हॉर्न गुडघ्यांकडे वाजतो. तुम्ही ट्रेबल वाढवत जाता आणि पहिल्या रांगेतली माणसं कानावर हात ठेवतात.