जीपीएसच्या आधीपासूनचे एपीआरएस

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून स्थान, हवामान, संदेश अशी माहिती आजूबाजूच्या सर्वांना प्रसारित करण्याची पद्धत. तिच्या नकाशावर सरकणाऱ्या गाड्या पाहिल्या की ही सगळी जीपीएसची करामत आहे असे वाटते. पण या पद्धतीचा पाया हौशी रेडिओवाल्यांच्या हाती जीपीएस येण्याच्या बरीच वर्षे आधी घातला गेला होता.

अमेरिकेच्या नौदल अकादमीत काम करणाऱ्या बॉब ब्रुनिंगा (कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, डब्ल्यूबी४एपीआर) यांनी १९८२ मध्ये ॲपल टू संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. एचएफवरून (लघुलहरींवरून) येणारे नौदलाचे स्थान-अहवाल तो नकाशावर मांडत असे. १९८४ मध्ये कमोडोर व्हीआयसी-२० वर त्याची पुढची आवृत्ती चालली, ती १०० मैलांच्या घोडदौडीत कोणता घोडा कुठे पोहोचला हे कळवण्यासाठी.

खरे महत्त्व आहे ते या काळातल्या एका निर्णयाला. पॅकेट रेडिओ, म्हणजे संगणकाची माहिती छोट्या तुकड्यांत (पॅकेटांत) रेडिओवरून पाठवण्याचे तंत्र, तेव्हा दोन स्टेशनांमधल्या जोडणीवर चाले: एकाने पॅकेट पाठवायचे, दुसऱ्याने पोच द्यायची, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे. आपत्तीच्या वेळी मात्र एकच माहिती अनेकांना एकदम हवी असते. म्हणून ब्रुनिंगांनी एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या नियमावलीतली जोडणीविना जाणारी पॅकेट वापरली. ज्याला ऐकू येईल त्याने घ्यावे. एखादे हुकले तर थोड्या वेळाने पुढचे येतेच. माझ्या मते एपीआरएसचा आत्मा नकाशात नाही, इथे आहे.

१९९०च्या दशकात जीपीएस रिसीव्हर स्वस्त झाले आणि हे तंत्र गाड्यांमध्ये शिरले. नाव तेव्हा ‘ऑटोमॅटिक पोझिशन रिपोर्टिंग सिस्टिम’ होते. लोक याला निव्वळ गाडी-शोधक समजू लागले. हवामान, संदेश, सूचना, जवळच्या रिपीटरची (संभाषण पुढे प्रसारित करणाऱ्या केंद्राची) माहिती हे सारे त्यात होतेच, म्हणून पुढे ‘पोझिशन’च्या जागी ‘पॅकेट’ आले. ही दुरुस्ती अगदी योग्य होती.

लोकप्रियतेचा ताण पडला तो वाहिनीवर. उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ, वेग फक्त १२०० बॉड, आणि सगळे त्याच एका वारंवारतेवर! डिजिपीटर नावाचे स्टेशन ऐकलेले पॅकेट पुन्हा प्रसारित करते, आणि ते किती टप्पे पुढे जावे हे पॅकेटमधला ‘मार्ग’ सांगतो. त्यामुळे लांबलचक मार्ग लावलेले एकच बीकन (ठराविक वेळाने आपोआप जाणारे पॅकेट) कित्येक डिजिपीटरांना गुंतवून ठेवी. ऐकलेली पॅकेट इंटरनेटवर पोचवणारी गेटवे स्टेशने आल्यावर तर पॅकेट रेडिओवरून दूरवर ढकलण्याचे कारणही उरले नाही. फिरत्या स्टेशनांसाठी आज ‘वाइड१-१, वाइड२-१’, म्हणजे जास्तीत जास्त दोन टप्पे, एवढाच आखूड मार्ग सुचवला जातो, त्यामागे हा अनुभव आहे.